टर्बोच्या इंजिनाला तेल कोणते घालावे?



ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाणी, खोडकीड हे विषय सोडून इंजिनाच्या तेलावर का लिहावे, असे काहींना वाटेल. उत्तर सोपे आहे. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. त्याला उशीर झाला की उसाचे वजन घटते, ते नुकसान ऊसवाल्याचे. साखर कमी उतरते, ते नुकसान सगळ्यांचे. कारण एफआरपी उताऱ्यावर ठरते. ऊस भरलेला ट्रॅक्टर टर्बो बसल्यामुळे नरसी-बिलोली रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तर टोळी बसून राहते, फडातल्या मोळ्या वाळतात आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा विषय उसाचाच आहे.

पूर्वी असे नव्हते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला ‘चाळीस नंबरचे ऑइल’ एवढे सांगितले की दुकानदार डबा काढून देई. तेच तेल ट्रॅक्टरला, तेच जीपलाही चाले. आज आपल्या भागात टर्बोची वाहने वाढली आहेत. महिंद्राची टर्बो डिझेल स्कॉर्पिओ २००२ साली नाशिकहून बाजारात आली. २०१७ साली पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटांची नेक्सॉन आली, तिला तर पेट्रोलवर चालणारा टर्बो होता. मोठ्या ट्रॅक्टरांना, ट्रकांना आणि ऊसतोडणी यंत्रांनाही आता टर्बो असतो. इंजिन बदलले, पण तेल मागण्याची आपली पद्धत अजून ‘चाळीस नंबर’वरच आहे. ती बदलावी, एवढ्यासाठी हा लेख.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनाला जोर हवा तर जास्त डिझेल जाळावे लागते, आणि जास्त डिझेल जाळायला जास्त हवा लागते. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच घेते. आल्फ्रेड ब्यूखी या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरने १९०५ साली एक युक्ती पेटंट केली. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात हवा दाबून भरायची. हाच टर्बो. इंजिनाच्या बाजूला, धूर बाहेर पडतो त्या नळीवर, गोगलगाईच्या शंखासारखे बिडाचे घर दिसले तर आपल्या इंजिनाला टर्बो आहे असे समजावे.

साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमधला टर्बाइन सभासदांनी पाहिलेला असतो. तो वाफेवर फिरतो, हा धुरावर. पण फेऱ्यांमध्ये फरक मोठा आहे. कारखान्याचा टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेतो, तर गाडीतला मुठीएवढा टर्बो भर जोरात असताना एक लाखाच्या वर फेरे घेतो. त्याच्या एका अंगाला डिझेल इंजिनाचा सहाशे-सातशे अंशांचा धूर असतो. पेट्रोल इंजिनात ही उष्णता नऊशे अंशांच्या वर जाते. मधला दांडा साध्या बुशात असतो आणि तो बुशाला न टेकता तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल वेगळे नसते. इंजिनाच्या चेंबरमधलेच तेल बारीक नळीने टर्बोकडे जाते. तेच बुशाला वंगण देते आणि तेच त्याची उष्णता वाहून नेते.

यावरून दोन गोष्टी कळतात. तेल पोचायला उशीर झाला तर बुश घासतो. आणि तेल उष्णतेला टिकले नाही तर जळून त्याचा कोळसा होतो. गुऱ्हाळात कढई ढवळायची राहिली की तळाला रस करपतो, तसाच हा प्रकार. करपलेला कण त्या बारीक नळीत अडकला की तेल बंद, आणि तेल बंद झाले की टर्बो गेला. टर्बो वाईट निघाला असे आपण म्हणतो. पुष्कळ वेळा तो तेलावाचून मेलेला असतो.

डब्यावरची अक्षरे

तेलाच्या डब्यावर दोन प्रकारची अक्षरे असतात. पहिली तेलाचा जाडपणा सांगतात, दुसरी तेलाची जात. आपण फक्त पहिली वाचतो.

जाडपणा ‘एसएई’ या अक्षरांपुढे लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. यातला ‘डब्ल्यू’ थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा शंभर अंशांना तापल्यावर तेल किती जाड राहते ते सांगतो. काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीवर पाण्यासारखी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेलाचेही तसेच. जुने ‘चाळीस नंबर’ तापल्यावर ठीक असे, पण गारव्यात घट्ट होई. आजचे १५डब्ल्यू-४० तापल्यावर तेवढेच जाड राहते आणि गारव्यात मात्र लवकर वाहते.

बरेच जण म्हणतात, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा जाड तेल घातलेले बरे. यात एक चूक आहे. इंजिनातले तेल बाहेरच्या उन्हाने तापत नाही, ते इंजिनाच्या उष्णतेने तापते. पौष असो की वैशाख, ओझे ओढणाऱ्या इंजिनात तेल शंभर अंशांच्या आसपास असतेच. कंपनीने तेल त्या हिशेबाने ठरवलेले असते. गरजेपेक्षा जाड तेल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोचते, आणि तेवढ्या वेळात बुश कोरडा फिरतो. गरजेपेक्षा पातळ तेलाचा थर ओझ्याखाली तुटतो. म्हणून जाड चांगले की पातळ चांगले, हा वादच नको. पुस्तकात जो आकडा दिला आहे तो घ्यावा.

आता तेलाची जात. ही ‘एपीआय’ या अक्षरांपुढे असते. डिझेल इंजिनाच्या तेलाची जात ‘सी’ने सुरू होते आणि पेट्रोल इंजिनाच्या तेलाची ‘एस’ने. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितके तेल नव्या कसोटीचे. डिझेलमध्ये सीडी ही १९५५ सालची जात. सीएफ-४ १९९० ची. ती एपीआयने आता कालबाह्य ठरवली आहे. सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची आणि सीके-४ २०१६ च्या अखेरची. दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० एकसारखे लिहिलेले असेल, पण एक सीएफ-४ आणि दुसरे सीके-४ असेल, तर ती दोन तेले एक नव्हेत. उंची सारखी म्हणून दोन बैल सारखे ओढतील का? जाडपणा ही उंची, आणि जात म्हणजे ओढण्याची ताकद.

नव्या जातीत काय असते? उष्णतेने तेल लवकर बिघडू नये, काजळी एकत्र जमून गाळ होऊ नये, बुश-पिस्टन स्वच्छ राहावेत, यासाठी घातलेली रसायने आणि त्यांच्या कडक चाचण्या. टर्बोला नेमके हेच लागते.

कोणत्या इंजिनाला कोणते?

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाचा शब्द शेवटचा. खाली दिले आहे ते पुस्तक समजावे यासाठी.

१) टर्बो नसलेला जुना ट्रॅक्टर किंवा पाण्याचे इंजिन : पुस्तकात सांगितलेला जाडपणा आणि निदान सांगितलेली जात. येथे महाग तेल घालून फार काही मिळत नाही.

२) टर्बो डिझेल, पण धुराच्या वाटेवर काजळीची चाळणी नसलेले : जुन्या जीपगाड्या, ट्रक आणि बरेच ट्रॅक्टर यात येतात. यांच्या पुस्तकात बहुधा १५डब्ल्यू-४० आणि सीएच-४ किंवा सीआय-४ असे लिहिलेले आढळते. सांगितलेल्या जातीच्या खाली उतरू नये.

३) टर्बो डिझेल, काजळीची चाळणी असलेले : एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम १ जानेवारी २०२३ पासून लागले. या इंजिनांपैकी बहुतेकांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी चाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी इंजिन अधूनमधून जाळून टाकते. पण तेलातल्या रसायनांची जी राख होते ती जळत नाही, ती चाळणीत साठत जाते. म्हणून अशा इंजिनाला कमी राखेचेच तेल लागते. एपीआयची सीके-४, किंवा युरोपच्या ‘एसीईए’ या संस्थेच्या ‘सी’ गटातले, उदाहरणार्थ सी-३, असे पुस्तकात लिहिलेले असते. येथे सीआय-४ चांगल्या कंपनीचे असले तरी घालू नये. ते तेल खोटे नसते, पण त्या चाळणीला चालत नाही.

४) टर्बो पेट्रोल मोटार : हिला डिझेलचे तेल घालू नये. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत, विशेषतः ज्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते त्यांत, एक वेगळाच धोका असतो. कमी फेऱ्यांवर एकदम जोर मागितला की ठिणगी पडण्याआधीच आतले मिश्रण पेटते. त्या धक्क्याने पिस्टन फुटू शकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या रसायनांनी हा प्रकार वाढतो, असे आढळले. म्हणून २०१८ साली एसएन प्लस आणि २०२० साली एसपी या जाती आल्या, त्यांची या बाबतीत चाचणी झालेली असते. यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असे पातळ तेल सांगितलेले दिसते. ते पाहून घाबरू नये आणि आपल्या मनाने १५डब्ल्यू-४० घालू नये. जात एसपी किंवा तिच्यानंतरची घ्यावी. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन कुंथत नेण्यापेक्षा गिअर खाली घ्यावा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. गिअरपेटी आणि हायड्रॉलिकचे तेल वेगळे असते. त्याचा डबाही तसाच दिसतो. वाचल्याशिवाय इंजिनात ओतू नये.

तेल कधी बदलावे?

ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासांच्या मीटरवर असतो. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तकात २५० तास लिहिलेले असते. काहींत अधिक असते. आपण २५० धरू. वाहतुकीचा ट्रॅक्टर दिवसाला दहा तास चालू राहिला, तर २५ दिवसांत २५० तास भरतात. हंगाम १२० दिवसांचा धरला तर १२०० तास होतात, म्हणजे जवळजवळ पाच वेळा तेल बदलले पाहिजे. ‘हंगामाआधी घातले, आता हंगाम संपल्यावर बघू’ हा विचार टर्बोला परवडत नाही.

आता पैशाचा हिशेब करू. एका वेळी ८ लिटर तेल लागते असे धरू. पाच वेळेचे ४० लिटर झाले. हलके तेल लिटरमागे १०० रुपयांनी स्वस्त मिळाले, तर सबंध हंगामात ४००० रुपये वाचले. टर्बो नवा घ्यायचा तर याच्या कितीतरी पट लागतात, आणि भर हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला त्या दिवसांची वाहतूक बुडते ती वेगळीच. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवे तेल घालणे म्हणजे मळक्या घागरीत स्वच्छ पाणी भरणे.

तेल काळे पडले म्हणून खराब झाले, हा समज मात्र सोडावा. डिझेल इंजिनातले चांगले तेल थोड्याच तासांत काळे पडते, कारण ते काजळी आपल्या अंगात धरून ठेवते. काळेपणावरून नव्हे, तासांवरून बदलावे. वहीत तारीख, तासांचा आकडा आणि तेलाची जात लिहून ठेवावी.

काडी रोज पाहावी

सकाळी इंजिन गार असताना, सपाट जागेवर, तेलाची काडी काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर भरावे. पण पातळी वर चढलेली दिसली तर आनंद मानू नये. तेल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी उतरलेले असते. चाळणीच्या गाड्यांत काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारले जाते. ते जाळणे पुन्हापुन्हा अर्धवट राहिले की काही इंजिनांत डिझेल चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते आणि टर्बोच्या बुशावरचा थर तुटतो. अशा वेळी तेल बदलावे आणि मिस्त्रीला दाखवावे. चाळणी स्वच्छ होत असल्याचा दिवा लागला असेल तर इंजिन मध्येच बंद करू नये. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते काम पुरे होऊ द्यावे.

चालू करताना आणि बंद करताना

चालू केल्याबरोबर रेस देऊ नये. अर्धा ते एक मिनिट इंजिन हळू चालू द्यावे, म्हणजे तेल टर्बोपर्यंत पोचते. तेल किंवा फिल्टर बदलल्यानंतर तर हे अधिक पाळावे.

बंद करताना त्याहून जास्त सांभाळावे. साखर कारखान्यातला टर्बाइन थांबवला तरी त्याच्या बेअरिंगला तेल देणारा जादा पंप चालू ठेवतात, टर्बाइन निवेपर्यंत. आपल्या ट्रॅक्टरच्या टर्बोला असा दुसरा पंप नाही. इंजिन हाच त्याचा पंप. ओझे ओढून आल्याबरोबर किल्ली फिरवली की तेल बंद होते. तापलेल्या बुशात जे तेल उरते ते तिथेच करपते. म्हणून भर ओझ्यानंतर एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालवून मगच बंद करावे.

याचा अर्थ काट्यापुढे नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास इंजिन चालू ठेवावे असा नाही. रिकामे इंजिन फार वेळ हळू चालले की डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, तेलाचे तासही भरतात आणि डिझेल जाते ते जातेच. दोन मिनिटे निववावे आणि बंद करावे.

टर्बोला तेलाइतकीच स्वच्छ हवाही लागते. फडातले पाचट, रस्त्याची धूळ आणि जाळलेल्या पाचटाची राख हवेच्या फिल्टरमध्ये भरते. लाखाच्या फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्यावर वाळूचा कण म्हणजे बंदुकीची गोळी. हंगामात फिल्टर रोज पाहावा. नळीचे क्लिप सैल तर नाहीत ना, तेही पाहावे.

खरे तेल ओळखणे

चांगल्या नावाच्या डब्यात भलतेच तेल भरून विकण्याचे प्रकार होतात. तेल अधिकृत विक्रेत्याकडून किंवा तेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरून घ्यावे. सील, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा प्रश्न आला तर हेच बिल उपयोगी पडते. सुटे तेल घेऊ नये. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला जसाच्या तसा देऊ नये. भोक पाडून, फोडून द्यावा. आपल्याच डब्यात उद्या दुसऱ्याला खोटे तेल मिळू शकते. काढलेले जुने तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

टर्बो कुरकुरू लागल्याच्या खुणा

निळा धूर दिसला तर तेल जळते आहे. काळा धूर आणि जोर कमी झाला तर हवा कमी पडते आहे, नळी फाटली असेल किंवा फिल्टर भरला असेल. नेहमीपेक्षा वेगळी, सायरनसारखी शिट्टी ऐकू आली, किंवा हवेच्या नळीत तेल ओलसर लागले, तर गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यावी. टर्बो बदलण्याची पाळी आलीच, तर तेलाची बारीक नळी साफ करून किंवा बदलून घेतल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नये. नाही तर ज्या कारणाने जुना गेला, त्याच कारणाने नवाही जाईल.

थोडक्यात

— तेल मागताना नुसता नंबर सांगू नये. जाडपणा आणि जात, दोन्ही सांगावे.
— चाळणीच्या डिझेल गाडीला कमी राखेचे तेल, टर्बो पेट्रोलला एसपी किंवा नंतरच्या जातीचे.
— तेल आणि फिल्टर तासांच्या हिशेबाने बदलावे, रंगावरून नव्हे.
— काडी रोज पाहावी. पातळी वाढली तरी दुरुस्ती करावी.
— चालू करताना अर्धा मिनिट, बंद करताना दोन मिनिटे.

गाडी चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो. हा लेख घरात वाचून ठेवून देऊ नये, ड्रायव्हरला वाचून दाखवावा. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून दुसरे मागून घ्यावे आणि तेलाचे पान उघडून जाडपणा व जात ही दोन्ही अक्षरे रंगाने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आतल्या बाजूने लिहून ठेवावीत. मोळी पडण्याआधी एवढे केले तर हंगामात ते शोधत बसावे लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी